तिसऱ्या खोलीतून केलेली तक्रार

जर्मनीत एर्लांगेनला पीएचडीसाठी आले त्या वर्षी मला मिळालेल्या घरात तीन खोल्या होत्या आणि स्वयंपाकघर एकच. पहिल्या खोलीत मालीचा एक जण राहायचा. तिशी ओलांडलेला, दारातून वाकून आत येणारा, भूजलावर संशोधन करणारा. दुसरीत बुर्किना फासोची एक जण होती, हॉस्पिटलात नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत शिकायचं प्रशिक्षण, घेणारी. तिसरी खोली माझी.

माली आणि बुर्किना फासो शेजारी देश आहेत, दोन्हीकडे पूर्वी फ्रेंचांचं राज्य होतं, एवढंच मला माहीत होतं, आणि तेही घर पाहायला जाण्याआधी नकाशा उघडला म्हणून. मी अक्कलकोटकडची. पहिल्याच आठवड्यात मी शेंगदाण्याची आमटी केली तेव्हा दोघंही वासाने बाहेर आले. त्यांच्याकडेही तशीच करतात म्हणाले, फक्त भाताबरोबर. त्या दिवशी आम्ही एकत्र जेवलो आणि मला वाटलं, आपलं बरं जमणार.

मग मला त्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं.

ते आपसात फ्रेंच आणि त्यांची कुठलीशी एक सामायिक भाषा बोलायचे. मला दोन्ही येत नव्हत्या. पण एक शब्द सारखा यायचा, 'एस्क्लाव्ह'. जर्मनमधला स्क्लाफं आणि इंग्रजीतला स्लेव्ह ज्याला माहीत आहे त्याला तो समजायला शब्दकोश लागत नाही. मालीवाल्याचा आवाज मोठा. तो ओट्याशी उभा राहून तिला काही फर्मावायचा, त्यात तो शब्द असायचा, आणि ती हसायची. एकदा माझ्यासमोरच त्यानं जर्मनमध्ये सांगितलं, "ही माझी गुलाम आहे बरं का. माझ्या आजोबांनी हिच्या आजोबांना लोटाभर दुधाच्या बदल्यात घेतलं होतं." तिनं हातातला डाव त्याच्या दंडावर मारला, काहीतरी उलट बोलली आणि पुन्हा हसली.

ते हसू मला माहीत होतं, असं मला वाटलं. पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलला माझी एक रूममेट होती. माझं आडनाव ऐकल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "माझ्या ताटात जेवलीस तरी चालेल हं, आता जमाना बदललाय." खोलीतल्या चौघी हसल्या. मीही हसले. चार वर्षं मी तिच्या असल्या विनोदांवर हसत राहिले, कारण न हसणाऱ्या मुलीचं त्या खोलीत काय झालं असतं ते मला कळत होतं. त्यामुळे बुर्किनाची ती हसली की मला तिथे थांबवत नसे. ती अजून शिकत होती, जर्मन अडखळत बोलायची, या शहरात तिचं दुसरं कोणी नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तू बघतेयस ना? मग बोल. आपल्या वेळी कोणी तोंड उघडलं नाही."

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी इमारतीचा कारभार पाहणाऱ्या ऑफिसला ईमेल लिहिली. एक भाडेकरू दुसरीला तिच्या जमातीवरून हिणवतो, सतत 'गुलाम' म्हणतो. जर्मन तीन वेळा तपासून घेतलं. माझं नाव पुढे येऊ नये अशी विनंती खाली लिहिली. पाठवल्यावर कित्येक दिवसांनी मला हलकं वाटलं.

दहा दिवसांनी त्याला पत्र आलं. लेखी ताकीद. असं पुन्हा घडल्यास कराराची मुदत न पाळता खोली रिकामी करून घेऊ, असं त्यात होतं. तक्रार 'सहभाडेकरूकडून' आली आहे, एवढंच लिहिलं होतं. डिसेंबरच्या मध्यावर परदेशी नागरिकांच्या कचेरीत त्याच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण होतं आणि तिथे भाडेकरार दाखवायचा होता. त्याच्या हातातलं ते पत्र मी पाहिलं तेव्हा तो स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचत होता. मी चहाचं भांडं ठेवायला गेले होते. भांडं तसंच हातात राहिलं.

"तिनं लिहिलंय," तो मला म्हणाला. आवाज अगदी खाली. "तिकडे तिचा भाऊ बंदूक घेऊन उभा आहे. आणि इकडे ही कागद."

मी म्हणायला हवं होतं, तिनं नाही, मी. मी म्हणाले, "कसली बंदूक?"

त्यानं सांगितलं. दोन्ही देशांच्या सीमेवर काही वर्षांपासून जिहादी टोळ्यांचा धुमाकूळ चालू होता. टोळ्यांमध्ये फुलानी तरुण जातात म्हणून लोक प्रत्येक फुलानी माणसाकडे संशयानं बघायचे. तो स्वतः फुलानी, गुराख्यांच्या जमातीतला. बुर्किनात सरकारनं टोळ्यांशी लढायला गावोगावच्या स्वयंसेवकांना बंदुका दिल्या होत्या, त्या बऱ्याचदा फुलानींवरच चालायच्या, आणि आमच्या या शेजारणीचा भाऊ त्यांच्यातला एक होता. "हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "तिनंच सांगितलं. तरी आम्ही बोलत होतो." मग पत्राची घडी घालून तो खोलीत गेला.

त्यानंतर घरात शिवीगाळ बंद झाली. मला हेच हवं होतं, पण ती शांतता चांगली नव्हती. तो आला की ती गॅसवरचं अर्धवट शिजलेलं उतरवून खोलीत जायची. ती आली की तो पाण्याचा ग्लास तसाच ठेवून निघायचा. ताकिदीबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं. एके दिवशी तिनं मला विचारलं, "त्याला काय झालंय गं? मी हाक मारली तर 'गुटेन टाग' म्हणाला. मला. परक्या माणसाला म्हणावं तसं, गुटेन टाग." तिचे डोळे भरून आले होते. मी म्हणाले, परवान्याचं टेन्शन असेल. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच्या गावावर हल्ला झाला. कोणी केला ते धड कळत नव्हतं. त्याला लहानाचं मोठं केलेला थोरला भाऊ तिथे होता आणि फोन लागत नव्हता. तीन दिवस तो स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून होता, कारण त्याच्या खोलीत नेटवर्क नीट मिळायचं नाही. दर थोड्या वेळानं नंबर लावायचा, फोन कानाला धरायचा आणि पालथा ठेवायचा. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी सायकल काढायला तळघरात गेले तर ती तिथे होती, टायरमध्ये हवा भरत. तिच्याजवळ जाऊन मी म्हणाले, "ऑफिसला पत्र मी लिहिलं होतं."

"कसलं पत्र?"

मी सगळं सांगितलं. तो तुला गुलाम म्हणतो, तुला हसावं लागतं, मला बघवेना, म्हणून. ताकीद आली, आणि तो समजतोय की तूच लिहिलंस.

तिनं पंप खाली ठेवला. "आणि मी त्याला काय म्हणायचे, ते कळत होतं तुला?"

"नाही."

"मी पण गुलामच म्हणायचे. गाईंच्या शेपटीमागे धावणारा गुलाम. ऊठ, माझी चूल पेटव." ती माझ्याकडे बघत राहिली. "मी बोबो आहे. तो फुलानी. आमचे लोक शेती करतात, बाजरीची दारू गाळतात. त्यांचे लोक गुरं राखतात. शेतात गुरं घुसली की भांडण ठरलेलंच. म्हणून फार जुन्या काळी पूर्वजांनी ठरवलं की बोबो आणि फुलानी यांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं आणि कोणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. जो मला गुलाम म्हणतो तो मला मारू शकत नाही. कळतंय?"

तिनं पंप पायानं बाजूला सारला.

"फ्रेंच आले त्याच्या कितीतरी आधीचं आहे हे. त्यांनी आमची वसाहत मध्येच मोडून शेजाऱ्यांत वाटून टाकली, मग पुन्हा जोडली. माझे आजोबा कागदोपत्री, आज जिथे माली आहे, तिथले. पुढे दोन्ही देश सीमेच्या त्या रेघेवरून लढले. पण बाजारात बोबोला फुलानी भेटला की पहिली शिवी हीच. आता तिकडे तेही थांबत चाललंय. इथे आम्ही दोघं अजून बोलत होतो." मग तिनं विचारलं, "तू मला एकदा विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

होस्टेलचं मी तिला सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे सवलत मागणं झालं असतं. ती सायकल न घेताच वर गेली. जिन्यात थांबून म्हणाली, "त्याला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

त्याच दुपारी निरोप आला. त्याचा भाऊ गेला होता.

रविवारी न्यूर्नबर्गहून त्याच्या ओळखीची सात-आठ माणसं आली. आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावून खाली सतरंजी घातली. प्रार्थना झाली, एका वयस्कर माणसानं दुवा मागितली, बायकांनी आणलेला भात झाकून ठेवलेला होता. मी दाराशी उभी होते. सांगायचं होतं, पण इतक्या माणसांत कसं सांगणार?

तेवढ्यात दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. तिनं त्याचा हिवाळी कोट घातला होता, पॅसेजमधल्या खुंटीवरचा. तो तिच्या पायांत येत होता. हातात एक काठी, झाडूची. गुराख्यासारखी ती खांद्यावर आडवी धरून ती आत आली आणि भाताच्या पातेल्यासमोर फतकल मारून बसली. त्यांच्या भाषेत मोठ्यानं बोलायला लागली. शेजारी बसलेल्या बाईनं नंतर मला अर्थ सांगितला. ती म्हणत होती, "यांचा थोरला कुठाय? आम्हा बोबोंना दूध पाजायचं कबूल केलं होतं त्यानं. वेळ आली तर पळाला. फुलानी असेच, मरतील पण दूध देणार नाहीत. मला दूध मिळेपर्यंत या गुलामांपैकी कोणी भाताला हात लावायचा नाही."

खोलीत कोणी हललं नाही. त्या माणसांना ती कोण, हे माहीत होतं. तिचा भाऊ काय करतो तेही बहुधा माहीत असावं. दुवा मागणाऱ्या म्हाताऱ्याचा हात माळेवर थांबला होता. ज्याचा भाऊ गेला तो मात्र मान खाली घालून होता. त्याच्या लेखी हिनंच त्याला घराबाहेर काढायचा कागद लिहिला होता, आणि ते तिला कालपासून माहीत होतं. तरी ती बसून राहिली होती.

मग त्यानं मान वर केली.

"दारुडे," तो म्हणाला. "माझ्या दादाच्या नावानं रडायचं सोडून भात राखत बसलीस."

म्हातारा आधी हसला. मग सगळेच. तोही हसत होता, आणि हसता हसता पुढे वाकला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला, मोठ्यानं. ती उठली नाही. कोटाच्या बाहीनं डोळे पुसत तिथेच बसून ती त्याला अजून काहीबाही बोलत राहिली. त्यांच्याकडे मयताला असं करायचा मान थट्टेच्या नात्यातल्या माणसाचाच असतो, हे मला शेजारच्या बाईनं सांगितलं.

सोमवारी सकाळी मी त्याचं दार वाजवलं आणि उभ्यानंच सांगितलं. होस्टेलचंही सांगितलं, कारण त्यानं सरळ विचारलं, "पण तुला इतकं का लागलं?"

त्यानं खाटेखालचे बूट पुढे ओढले. मग म्हणाला, "तुमच्याकडे असं कोणी नसतं? ज्याला काहीही बोलता येतं आणि जो तुम्हाला काहीही बोलू शकतो?"

"विहिणी असतात. दीर-भावजय असतात. पण जातीजातींत नाही. तिथे एकच बाजू बोलते."

"आमच्याकडे खरे गुलामही होते," तो म्हणाला. "फुलानींचे. त्यांची नातवंडं माझ्या गावात आहेत, अजून आम्ही त्यांच्याशी सोयरीक करत नाही. त्यांना मी तो शब्द कधीच म्हणणार नाही. तू ऐकलंस ते चुकीचं, पण तसलं काही नसतंच असं नाही." एवढं बोलून त्यानं बूट घातले. "चल. ऑफिस नऊला उघडतं."

आम्ही तिघं बसनं गेलो. तिथल्या बाईंना एकमेकांना गुलाम म्हणण्याचं नातं जर्मनमध्ये समजावून सांगणं कठीण होतं. त्यांनी मला दोनदा बाजूला घेऊन विचारलं, कोणी दबाव आणतंय का. नाही म्हणाले, लिहून दिलं, सही केली. ताकीद मागे घेतल्याचं पत्र मिळालं ते परवान्याच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी. परवाना दोन वर्षांचा मिळाला.

तो माझ्याशी शेवटपर्यंत चांगलाच वागला. माझ्या आमटीला नाही म्हणाला नाही. पण मी स्वयंपाकघरात आले की त्यांचा आवाज जरा खाली यायचा, आणि ते माझं मी कमावलेलं होतं. वर्षभरानं त्याला फ्रँकफर्टला नोकरी लागली. ती अजून एर्लांगेनलाच आहे, आता पक्की नर्स. मागच्या उन्हाळ्यात तिचं गावही रिकामं झालं, घरचे मोठ्या शहरात नातेवाइकांकडे गेले. त्या काळात तो तिला रोज फोन करायचा, सकाळी, ड्यूटीच्या आधी. एकदा बसस्टॉपवर ती भेटली. मी तिला विचारलं, तुझ्या भावाबद्दल तुम्ही दोघं कधी बोललात का?

"अजून नाही," ती म्हणाली. तिची बस आली होती. चढताना तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि गेली.