देवरे बाईंचे खरे मार्क

देवरे बाई घरात आल्या की आधी उशी उचलून बघायच्या. मग पांघरूण झटकायच्या, खिडकीतली पुस्तकं उचलून टीव्हीवर ठेवायच्या आणि सानिकाला म्हणायच्या, "हात दाखव." सानिकाची बोटं तोवर पूर्ण उघडेनाशी झाली होती. बाई एकेक बोट स्वतः सरळ करून तळहात तपासायच्या. कॉपी नाही अशी खात्री पटली की मगच पिशवीतून प्रश्नपत्रिका निघायची. परीक्षेला मुलगी एकच, तीही तीन उशांना टेकवून बसवलेली, पण बंदोबस्त असा की दहावीच्या केंद्रावरही नसेल.

सानिका माझी मुलगी. सहावीत होती. स्नायू हळूहळू निकामी होण्याचा आजार होता तिला, आणि त्यावर औषध नाही हे दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला, महेशला, बाहेर बोलावून सांगितलं होतं. आधी शाळेचे जिने बंद झाले, मग शाळाच बंद झाली. तेव्हा तिच्या वर्गशिक्षिका, देवरे बाई, दर गुरुवारी सकाळची शाळा सुटल्यावर पंचवटीतल्या आमच्या घरी तीन मजले चढून येऊ लागल्या. बाई मूळच्या सटाण्याच्या. शिकवताना भाषा पुस्तकी असायची, पण रागावल्या किंवा गहिवरल्या की अहिराणी बाहेर पडायची.

मला त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्यांचाच संशय यायचा. फळं घेऊन येणाऱ्या बायका मुलीला बघायला येतात की आमचं रडणं बघायला, हेच मला कळायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी "सानिकाची सायकल पडूनच आहे ना आता?" असं विचारलं, त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मग ह्या बाई कशाला येतात? आल्या आल्या त्यांनी मोबाइल काढला तेव्हा मी मनात म्हटलं, आला फोटो. आता हा शाळेच्या ग्रुपवर फिरणार. पण त्यांनी फक्त घड्याळ बघितलं, मोबाइल पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "सव्वा वाजला. पाढे म्हण."

चहा घ्यायच्या नाहीत. "परीक्षेच्या ठिकाणी खाणं-पिणं नको," म्हणायच्या. सानिकाचं कौतुक तर चुकूनही नाही. एकदा मीच लाजेकाजेस्तव विचारलं, "हुशार आहे ना हो?" तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मध्यम आहे. आळस केला नाही तर बरी होईल." आळस! जिला पाण्याचा ग्लास उचलवत नव्हता तिला ही बाई आळशी म्हणते, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. सानिका मात्र खुदूखुदू हसत होती.

ती अशी हसायची फार थोड्यांजवळ. कारण माझ्याहून मोठी संशयी तीच होऊन बसली होती. तिचा मामा रविवारी लुडो खेळायला यायचा. त्याची सोंगटी तिच्या सोंगटीच्या मागे आली की तो मुद्दाम भलतीच सोंगटी चालायचा. चार रविवार जिंकल्यावर ती मला म्हणाली, "आई, मला आता कोणी मारतच नाही. मी हरावं असं कोणालाच का वाटत नाही गं?" मी म्हटलं, "तू चांगली खेळतेस म्हणून." तिने माझ्याकडे बघितलं आणि लुडो पलंगाखाली ठेवायला सांगितला. तो पुन्हा काढला नाही.

जानेवारीत तिला पेन धरणं अशक्य झालं. बाई म्हणाल्या, "नियमात लेखनिक चालतो. सानिकाची आई, तुम्ही लिहा." वर दम दिला, "ती सांगेल ते लिहायचं. ती चुकली तर चूक लिहायची. स्वतःची अक्कल चालवायची नाही."

भूगोलाची चाचणी होती, पंचवीस मार्कांची. एका वाक्यात उत्तरं लिहा: गोदावरी नदी कोणत्या समुद्राला मिळते? सानिका क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "अरबी समुद्राला." घराच्या गच्चीवरून जी नदी दिसते, जिच्या पुरात आमच्या गल्लीची दुकानं बुडालेली तिने पाहिली होती, ती नदी कुठे जाते हे पोरीला माहीत नव्हतं. मुंबईचा समुद्र जवळ, म्हणून नदी तिकडेच जात असणार असा तिचा हिशेब. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी हळूच लिहिलं, "बंगालच्या उपसागराला." आणि एकदा हात मोकळा झाल्यावर थांबते कशाला? पुढची चार उत्तरंही सुधारली.

बाईंनी पेपर वाचला. पेन खाली ठेवलं. "सानिका, गोदावरी कुठे मिळते?"

"अरबी समुद्राला."

"हाई काय शे?" बाईंनी पेपर माझ्यासमोर धरला. "हे काय आहे, सानिकाची आई?"

त्यांनी माझी पाचही उत्तरं लाल रेघेने खोडली, समोर शून्यं मांडली आणि मला, माझ्याच घरात, खोलीबाहेर जायला सांगितलं. राहिलेला पेपर त्यांनी स्वतः लिहून घेतला. पंचवीसपैकी अकरा.

मला त्याचं काही वाटलं नसतं. पण मी दारातून बाहेर पडत असताना सानिका म्हणाली, "आई, तू पण?" ते लागलं. नुसतं लागलं नाही, तिथून पुढे घर अवघड झालं. गोळी दिली की विचारायची, "ही कशाची? खरंच ताकदीची?" मी फोनवर बोलून आले की, "डॉक्टर अजून काय म्हणाले? सगळं सांगितलंस?" महेश पहाटे फुलांच्या बाजारात जायचा, दुपारी झेंडूच्या वासाचा शर्ट न बदलताच तिच्याजवळ बसायचा, तर त्यालाही, "बाबा, तुम्ही इतक्या लवकर का येता आता?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि काहीतरी थाप मारायचो. ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची. माझी पोर माझ्याच हातून निसटत होती, आजाराच्याही आधी. ह्याचं खापर मी अर्थातच देवरे बाईंवर फोडलं.

तो अकरा मार्कांचा पेपर मात्र सानिकाने माझ्याकडून कपाटावर चिकटवून घेतला होता. कोणी आलं की सांगायची, "हे खरे आहेत."

मार्चमधला एक गुरुवार. बाई भागाकार शिकवत होत्या. मी दारात ताक घेऊन उभी होते. मध्येच सानिकाने विचारलं, "बाई, मी सातवीत जाईन का?"

मी बाईंच्या पाठीमागून हात जोडले, मान हलवली, ओठांनी "हो म्हणा" म्हटलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलंही. मग चष्मा काढला, पदराने पुसला.

"मला नाही वाटत," त्या म्हणाल्या.

"मलापण नाही वाटत," सानिका म्हणाली. तिने विचारलं, "मग भागाकार कशाला शिकायचा?"

"आज गुरुवार शे ना? म्हणून."

सानिकाला ते पटलं असावं. "बरं, घाला उदाहरण," ती म्हणाली. त्यांनी घातलं, तिने चुकवलं, त्यांनी पुन्हा घातलं.

बाई निघाल्यावर मी जिन्यात त्यांना गाठलं. काय काय बोलले ते आज सांगायची लाज वाटते. तुम्हाला मूलबाळ आहे का, इथपर्यंत गेले. पुन्हा पाय ठेवू नका म्हटलं. बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मटकन पायरीवरच बसल्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पुसायचं भान नव्हतं. "तिले बठ्ठा पास करतस," त्या म्हणाल्या. "सगळेच पास करतात तिला. पोरगी विचारते, मी खरंच आहे का अजून? मी काय सांगू मग?"

मी त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं. आमच्या घरचं पहिलं पाणी.

वर आले तर सानिका वाटच बघत होती. "तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

बाईंवर ओरडून माझ्यातली सगळी थापांची ताकद संपली होती. "हो," म्हटलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"बाबांना?"

"त्यांनाही."

ती रडली, मीही रडले. पोटभर रडलो दोघी. मग ती म्हणाली, "मला वाटायचं, मला एकटीलाच कळलंय, आणि तुम्हाला कसं सांगू." इतके महिने माझी अकरा वर्षांची मुलगी आम्हाला जपत बसली होती. त्या दिवसापासून तिने गोळीचं नाव विचारलं नाही. मी "थोडं दुखेल" म्हटलं की ती दात आवळायची आणि "नाही दुखणार" म्हटलं की निवांत हात पुढे करायची. बाई पुढच्या गुरुवारी आल्या, उशी उचलून बघितली, आणि मी लेखनिकाच्या खुर्चीवर बसले.

सानिका जूनमध्ये गेली, शाळा उघडायच्या आधी.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं होतं. जो तो तिच्याबद्दल बोलत होता आणि मला त्यातलं काही ओळखू येत नव्हतं. माझी चुलत जाऊ म्हणाली, "देवाघरचं लेकरू होतं. कधी हट्ट नाही, कधी तक्रार नाही." कोणी म्हणालं, काय बुद्धी, काय समज. सगळे माना डोलवत होते. माझ्या डोळ्यांदेखत ती पुसली जात होती, आणि मी बसून होते.

कोपऱ्यात देवरे बाई होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "असं कसं? लय हट्टी होती. भागाकार शेवटपर्यंत आला नाही तिला. गृहपाठ केला नाही की खोकल्याचं सोंग करायची, आणि ते सोंगही तिला जमत नव्हतं."

जाऊबाईंनी डोळे वटारले. महेशने मान वर केली; तीन दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता आणि रडत होता. मी उठले, लोकांच्या पायांतून वाट काढत बाईंच्या शेजारी जाऊन बसले, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बाई, अजून सांगा."