राखेवर मांडलेली खूण

ही साक्ष मी आजवर अनेक चर्चच्या मंडळ्यांपुढे दिली आहे. धानोऱ्याला दिली, चंद्रपूरला दिली. एकदा सिरोंच्याला दिली तेव्हा तिथल्या मंडळीतल्या एका भावाने ती वाक्यावाक्याला तेलुगूत सांगितली आणि मागच्या बाकांवरच्या बाया डोळे पुसत होत्या. प्रत्येक वेळी लोकांनी प्रभूची स्तुती केली, आणि प्रत्येक वेळी मी त्या साक्षीत खोटं बोललो. देवाने केलेलं काम खरं होतं. ते सांगणारा मी खरा नव्हतो. अशा तोंडातून निघालेली स्तुती त्याच्यापर्यंत पोहोचते की नाही, या शंकेने माझी कित्येक वर्षांची प्रार्थना पोकळ झाली होती. आता सत्तरी जवळ आली आहे. जे झालं ते झालं तसं लिहून ठेवायचं, असं ठरवूनच बसलो आहे.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी धानोरा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होतो आणि शाळेच्या स्काउट-गाईड पथकाचा प्रमुख. त्याच वेळी मी आमच्या लहानशा चर्चचा गायकगट चालवायचो. पत्नी सरकारी दवाखान्यात परिचारिका. मुलगी रूथ चौदा वर्षांची, गाईडच्या सहा मुलींच्या संघाची संघनायिका. धाकटा योना दहाचा. आमच्या घरात आठवड्याचे दोन वार पक्के होते. शनिवारी खाकी आणि निळे गणवेश दोरीवर वाळायचे, रविवारी पांढरे कपडे. रूथ शनिवारी मुलींना गाठी शिकवायची आणि रविवारी संडेस्कूलच्या बारक्या पोरांना गाणी. गणवेशात असताना मला "बाबा" म्हणायचं नाही, "सर" म्हणायचं, हा माझा नियम होता. ती तो हसत पाळायची. घरी आल्यावर टोपी काढली की म्हणायची, "आता बाबा झाले का जी?"

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पथकाचं एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. गावापासून कोसभर अंतरावर जंगलाच्या कडेला. सकाळी मुख्य खेळ होता माग काढण्याचा. काड्या, दगड आणि गवताच्या खुणा मांडायच्या आणि त्या वाचत मुलींनी ठरल्या जागी पोहोचायचं. सरळ जा म्हणून बाण, या वाटेने जाऊ नका म्हणून एकावर एक आडव्या ठेवलेल्या दोन काड्यांची फुली. मुलांना मी नेहमी बजावायचो की ज्याने खुणा मांडल्या त्याने खेळ सुरू होण्याआधी ती वाट स्वतः एकदा चालून पाहायची. वारा असतो, गुरं असतात.

खुणा मी शुक्रवारी संध्याकाळीच मांडून टाकल्या. शनिवारी सकाळी गायकगटाचा शेवटचा सराव होता आणि रविवारी बाहेरून मोठे पाहुणे उपासनेला येणार होते. आपला गट त्यांच्यापुढे कमी पडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वाट पुन्हा चालायला मी गेलो नाही. सोबतच्या शिक्षकाला सांगितलं की खेळ सुरू करा, मी मागून येतो. योनाला घरी ठेवायला कोणी नव्हतं, त्याची आई ड्युटीवर, म्हणून तोही ताईच्या संघाबरोबर गेला.

मी अकरा वाजता शिबिरावर पोहोचलो. बाकीचे संघ येऊन बसले होते. रूथचा संघ आला नव्हता. त्यांना वेगळी वाट दिली होती, मीच मांडलेली. एप्रिलचं ऊन, मुलींकडे एकेक बाटली पाणी, आणि मोहाचे दिवस. मोह टपकू लागला की अस्वलं त्या झाडांखाली येतात हे आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. शिक्षक दुसऱ्या बाजूने शोधायला गेले आणि मी एकटा त्या वाटेला लागलो.

अर्ध्या मैलावर वाटेला दोन फाटे फुटतात. तिथे मोहाचं मोठं झाड आहे. फुली मी त्याच झाडाखाली, उजव्या रुंद वाटेच्या तोंडाशी मांडली होती. ती वाट आत खोल जंगलात जाते. पाहतो तर झाडाखालची सगळी जमीन काळी. मोह वेचणारे पहाटे येऊन झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे पडलेली फुलं साफ जमिनीवर दिसतात. दरवर्षीचा रिवाज. मी त्याच गावात पंधरा वर्षं काढली होती. मोहाखाली वाळक्या काड्यांची खूण रात्रभर ठेवायची नसते, हे मला समजायला हवं होतं. फुली जळून गेली होती आणि वाट उघडी पडली होती.

यापुढचं मी या उन्हाळ्यापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या पत्नीलासुद्धा नाही, आणि ती आता नाही. मी तिथे उभा राहिलो आणि मनात आलं की शाळेत चौकशी होईल, पालक विचारतील, चर्चमध्ये कळेल की सरावासाठी याने पोरी वाऱ्यावर सोडल्या. मी बाजूच्या झुडपाच्या दोन काड्या मोडल्या आणि त्या राखेवर फुली मांडली. माझी दोन लेकरं आणि लोकांच्या पाच मुली जंगलात होत्या, आणि मी काड्या सारख्या लांबीच्या आहेत का ते पाहत होतो. त्यानंतर मी हाका मारत उजव्या वाटेने धावलो. धावताना प्रार्थना केली. ती मात्र खरी होती. म्हणालो, प्रभू, लेकरं दे, बाकी काही मागत नाही.

अर्ध्या तासाने समोरून गाणं ऐकू आलं. संडेस्कूलचं गाणं, टाळ्यांसकट. पुढे एक बाई, डोक्यावर टोपली, हातात पाण्याचा तुंबा, आणि मागे ओळीने सगळ्या मुली. शेवटी योना, रूथचं बोट धरून. मी वाटेतच गुडघ्यावर बसलो.

ती बाई म्हणजे सोमीबाई. पलीकडच्या पाड्यातली गोंड बाई, चाळिशीची, हिरव्या लुगड्यातली. माझ्या साक्षीत ती पांढऱ्या वस्त्रातली वृद्धा झाली, जी कुठून आली आणि कुठे गेली कोणाला कळलं नाही. खरं असं की ती आमच्याबरोबर शिबिरावर आली, खिचडी खाल्ली, आपल्या पाड्याचं नाव सांगितलं आणि उन्हं कलल्यावर घरी गेली. सकाळी मोह वेचून ती घराकडे निघाली होती, पण तुंबा झाडाशीच विसरला म्हणून पुन्हा जंगलात गेली. तेव्हा तिला शिटी ऐकू आली, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. खूण दिसेनाशी झाली हे लक्षात येताच रूथने सगळ्यांना एका जागी बसवलं होतं. कोणी हलायचं नाही असं सांगितलं, पाणी घोटाघोटाने वाटलं, शिटी वाजवत राहिली, आणि अस्वल जवळ येऊ नये म्हणून गाणी म्हणायला लावली. मी तिला शिकवलेली एकही गोष्ट ती विसरली नव्हती. सोमीबाई मला म्हणाली, "पोरगी लई धीराची हाय जी मास्तर. एक पोर रडू नाई देली तिनं."

परतताना आम्ही त्या फाट्यावर आलो. सगळ्या मुलींसमोर मी फुलीकडे बोट केलं आणि आवाज चढवून रूथला विचारलं, ही खूण दिसली नाही का? तिने खाली पाहिलं. काळ्या राखेवर मांडलेल्या त्या दोन काड्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. "चुकलं माझं, सर," एवढंच ती म्हणाली.

योना म्हणाला की जाताना ती खूण नव्हती. मी त्याला दरडावून गप्प केलं. सोमीबाई काळजीत पडली. तिने विचारलं, "पाला आमीच जाळला जी सकाळी. त्याच्यानं झालं काय हे?" मी तोंड फिरवलं. पुढे चालू लागलो.

शाळेच्या अहवालात मी लिहिलं की संघनायिकेने खुणेकडे दुर्लक्ष केलं. रूथचं संघनायिकापद गेलं. पालकांपैकी एक बाई चर्चच्या दारात म्हणाल्या की जिला वाट सांभाळता येत नाही तिच्या हाती आमची पोरं नको. रूथने संडेस्कूलही सोडलं. गणवेश धुऊन, घडी करून तिने माझ्या टेबलावर ठेवला. पत्नी मला म्हणाली, पोरीशी जरा मायेनं बोला, तिच्या मनाला लागलंय. मी मात्र शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, वेदीसमोर उभा राहून पहिल्यांदा साक्ष दिली होती.

वर्षं गेली. रूथ शिकली, तिचं लग्न झालं, ती नागपूरला शिक्षिका आहे. माझ्याशी कधी उद्धट बोलली नाही. दर सुटीत येते. माझी साक्ष सुरू झाली की ती उठून बाहेर पोरांना पाणी पाजायला जाते, हे मी पाहायचो आणि पाहिलं नाही असं करायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात तिची मुलगी एस्तेर माझ्याकडे आली. सात वर्षांची, शाळेत नुकतीच बुलबुल, म्हणजे छोटी गाईड, झालेली. अंगणात काड्या घेऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मले खुणा शिकवा ना. आई शिकवत नाई." मी बाण शिकवला. फुली शिकवायची वेळ आली आणि माझा हात काडीपर्यंत जाईना. रूथ दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शिकवा ना बाबा. फुली तर तुमाले चांगली येते."

त्या क्षणाला मी देवाचं बोलावणं मानतो. कोणी त्याला लेकीचा टोमणा म्हणेल, तर तोही होताच. मी एस्तेरला शेजारी खेळायला पाठवलं आणि रूथसमोर जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं. सराव, राख, काड्या. थांबायचं नाही असं मनाशी धरलं होतं. तिचे हात सुपात तसेच राहिले.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "जळलेल्या जाग्यावर न जळलेल्या काड्या. तुमीच तर शिकवलं होतं वाचाले."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"तुमी सांगसान म्हणून थांबली. मंग आई गेली, तरी तुमी नाई सांगितलं. मंग वाट पाहणं सोडलं." सूप बाजूला ठेवून तिने डोळे पदराने पुसले. "मलेच सांगून नाई होत बाबा. त्या सोमीबाईले जाऊन सांगा. तिनं काय बिघडवलं होतं कोणाचं?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही दोघं पाड्यावर गेलो. सोमीबाई अंगणात मोह वाळवत बसली होती. केस पांढरे झाले होते. रूथला तिने आधी ओळखलं. मी तिच्यासमोर बसून सांगितलं की पोरी चुकल्या त्यात तिच्या आगीचा काही दोष नव्हता. खूण मी चुकीच्या जागी मांडली, तपासली नाही, आणि तिने विचारलं तेव्हा तोंड शिवून बसलो. ती मोहाची फुलं हाताने पसरत राहिली. मग तिने सांगितलं की त्या सालापासून तिने त्या फाट्यावरच्या झाडाखाली कधी आग लावली नाही. त्या झाडाचा मोह ती पाल्यातूनच एकेक वेचते, दुप्पट वेळ लागतो, सुना हसतात. आणि दुसऱ्या झाडांखाली आग लावण्याआधी ती चहूकडे हाका मारून पाहते, कोणाची लेकरं तर नाहीत ना.

"मले वाटे, माह्याच हातानं झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "इतके सालं काऊन नाई आले जी मास्तर? कोस-दीड कोसावर तर रायता."

मी हात जोडले. तिने रूथला जवळ ओढलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुनेला आमच्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

घरी आल्यावर मी शाळेत गेलो आणि जुन्या अहवालासोबत जोडायला सहीनिशी एक पान दिलं. नवे मुख्याध्यापक म्हणाले, सर, हे आता कोण वाचणार? मी म्हटलं, कोणी वाचो न वाचो, ते तिथे असलं पाहिजे. पाळकसाहेबांना भेटलो. लोकांच्या विश्वासाला ठेच लागेल, राहू द्या, असं ते म्हणाले. मी ऐकलं नाही. गेल्या रविवारी वेदीसमोर उभा राहिलो आणि इथे लिहिलं आहे तेच सांगितलं. रूथ पुढच्या बाकावर बसली होती. या वेळी ती उठून गेली नाही. शेवटपर्यंत बसली, आणि मी पायऱ्या उतरताना तोल जाऊ लागला तेव्हा तिने हात पुढे केला.

मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो की सगळं देवाच्या हाती सोपवा. मी स्वतःही सोपवलं होतं. लेकरं, दुखणी, म्हातारपण, सगळं. फक्त माझं नाव तेवढं माझ्याकडे ठेवलं होतं, आणि ते जपण्यासाठी एका मुलीची उमेद आणि एका कष्टाळू बाईची शांत झोप खर्च केली. आता तेही मी त्याच्या हाती दिलं आहे. लोक काय म्हणतील ते म्हणोत. त्या दिवशी देवाने कोणी पांढऱ्या वस्त्रातली पाठवली नव्हती. त्याने विसरलेल्या तुंब्यासाठी परत फिरलेली एक बाई पाठवली आणि मुलींजवळ माझी लेक ठेवली. मला एवढी कृपा पुरेशी का वाटली नाही, देव जाणे. आज ती पुरते, आणि उरते. त्यासाठी, आणि खरं बोलण्याइतका श्वास शिल्लक ठेवल्याबद्दल, मी त्याचे उपकार मानतो.