पाठीच्या फळीतला सरस

शेल्फच्या पाठीची फळी वरपासून खालपर्यंत उभी तडकली होती. मॅनेजरसाहेब त्या फटीत फूटपट्टी घालून पाहत होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नागप्पा सुतार. चैत्र संपत आला होता. सोलापूरचं ऊन, वेगळं सांगायला नको.

तेव्हा मी इथल्याच गिरणीत साधा ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे कारागिरांनी काय करायचं ते कागदावर आखून देणारा. आदल्या पावसाळ्यात साहेबांनी कामगारांच्या वाचनालयासाठी सागवानी शेल्फ सांगितलं. एकही खिळा नको, आणि जुन्या पद्धतीचे जोड लपवायचे नाहीत, दिसले पाहिजेत. मी तसं ड्रॉइंग केलं. फळीचं कुसू, म्हणजे टोकाला कापून काढलेली जीभ, खांबातून आरपार बाहेर आणि त्यात शिसवी खुंटी. कोपऱ्यांना पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात, एकमेकांत अडकवलेले.

ते लाकडात उतरवलं नागप्पाने. वयाने माझ्या वडिलांएवढा. मी त्याला अरे-तुरे करत असे. काम पुरं झालं की मागे खालच्या कोपऱ्यात तो एक बेलाचं पान कोरायचा. ती त्याची खूण.

पाठीची फळी त्याने खाचेत नुसती सरकवली होती. मी बोटाने ठोकली, तर वाजली.

“नागप्पा, ही खुळखुळतेय.”

“वाजू द्या की, भाऊसाहेब. आत्ता पानी पिऊन फुगलीया. उन्हाळ्यात अंग आखडंल. तिला हलाया जागा नगं व्हय?”

“साहेब प्रत्येक वस्तू ठोकून बघतात.”

“मग सायबाला म्हनावं, दार ठोका.”

सुतारखात्यात हशा झाला. मला ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी नागप्पा अक्कलकोटकडे गावी गेला. मी सरस तापवला आणि खाचेत ओतला. फळी घट्ट बसली. साहेबांनी ठोकून पाहिलं, आवाज नाही. “ड्रॉइंग कुणाचं?” त्यांनी विचारलं. मी पुढे झालो.

आता फळी तडकली होती. नागप्पाने खाचेची कड नखाने खरवडली, बोट नाकाशी नेलं.

“सायेब, ह्यात सरस हाय. म्या घातला न्हाय.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुमच्या ड्रॉइंगमध्ये सरस दाखवला होता?”

“नाही, साहेब.”

उत्तर खरं होतं. ड्रॉइंगमध्ये सरस नव्हताच. साहेबांना त्यातून जे समजायचं ते समजलं.

“भाऊसाहेब, बोला की,” नागप्पा म्हणाला.

मी ड्रॉइंगची गुंडाळी करत राहिलो.

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. जाण्याआधी त्याने शेल्फ भिंतीपासून ओढलं, पटाशी घेतली आणि बेलाचं पान तासून काढलं. जागा हाताने पुसली. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

फळी मी नवी करून घेतली. खाचेत सैल, सरसाशिवाय. जोड अजून केसभर हललेले नाहीत. बघायला येणारे मलाच शाबासकी देतात, आणि मी ती घेतो.

नव्या ड्राफ्ट्समनला मी पहिल्याच आठवड्यात सांगतो, पाठीच्या फळीला सरस लावू नये. का, असं कुणी विचारलं की म्हणतो, इथला उन्हाळा.

तेही खरंच आहे.