अर्ध्या शटरामागची झेरॉक्स

एम.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दुपारी, बीडच्या स्टँडजवळच्या एका झेरॉक्सवाल्यानं मी आत असताना दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मी त्याला 'एड्स आणि औषधी रसायने' या विषयाच्या नोट्स दिल्या होत्या. नोट्स मित्राच्या होत्या. तासाभरात तो त्या घेऊन तलवाड्याच्या गाडीत बसणार होता आणि माझ्याकडे या विषयाचं एक अक्षरही नव्हतं.

झेरॉक्सवाला पन्नाशीचा, बोट ओलं करून पान उलटणारा. पहिलं पान वाचून त्यानं आवाज खाली आणला.

"कवापासून हाय?"

"उद्या पेपर आहे, काका."

"समदे असंच काहीतरी सांगतेत. गोळ्या चालू केल्या का? सरकारी दवाखान्यात फुकट भेटतेत."

मशीनमधून निघालेलं प्रत्येक पान तो लगेच उपडं ठेवत होता.

तेवढ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी शटरखालून वाकून आत आली. "काका, याच नोट्सची एक प्रत मला पण द्या."

त्यानं मशीन बंद केलं. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिला बी? काय केलंस बे हे!"

तिनं मोबाइलवर विद्यापीठाचं वेळापत्रक दाखवलं. विषयाचं नाव त्यानं दोनदा वाचलं.

"मग लपवायलात कावून?" असं आम्हालाच विचारून त्यानं मशीन पुन्हा चालू केलं.

गाडीच्या आधी दोन्ही प्रती तयार झाल्या. त्यानं त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, काळ्या पिशव्यांत घातल्या आणि आम्हाला एकेक करून बाहेर सोडलं.