सारख्या उंचीच्या दोन बांध्या

दवनीवाड्याच्या स्नेहल मेश्रामच्या पीएच.डी.ला सात वर्षं लागली. त्यातली सहा एका वाक्याने खाल्ली. गोंदियाच्या कॉलेजात तासिकेवर गणित शिकवून उरलेल्या वेळात ती एवढंच मांडत होती : संगणकातलं मेंदूच्या धर्तीचं जाळं उदाहरणांवरून शिकतं, तेव्हा त्याची चूक पायरीपायरीने उतरते, चढत कधीच नाही, म्हणून ते शेवटी एका जागी थांबतं. भौतिकशास्त्रातलं उताराचं पाणीही तेच करतं. या 'म्हणून'ची सिद्धता तिने लिहिलीच नव्हती. धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांत वाढलेल्या माणसाला पाणी खाली जाऊन थांबतं, हे सिद्ध करावंसंच वाटत नाही.

मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने ते वाक्य सात वेळा वाचून सातही वेळा 'अप्रतिम' म्हटलं होतं. सोमवारी प्रबंध जमा करायचा, तर शुक्रवारी स्नेहलने तिला सांगितलं, "यात खोट काढ." तितक्याच उत्साहाने तिने काढली : चूक सारखीच असलेल्या जाळ्याच्या दोन अवस्था असल्या, तर जाळं त्यांच्यात कायम येरझारा घालील. थांबणार नाही.

स्नेहल शेतात जाऊन दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर बसली.

"काऊन वं, कोनी मेलं का?" तिचे वडील भोजराज फावडं टेकवून म्हणाले.

"माझा प्रबंध. बाबा, सारख्या उंचीच्या दोन बांध्यांत पाणी इकडून तिकडं होत राहिलं, तर थांबलं म्हणायचं का?"

"हे इचाराले सात वर्सं लागले?"

"सांगा ना."

"हे आपली बांधी, थे बाजूच्या केवळरामची, मंधातला धुरा फुटका. वारा सुटला का पानी तिकडं, पलटला का इकडं. कॅनॉलच्या पान्याच्या पाळीत आमी दोन्ही मिळून एकच बांधी धरतो. पानी आत हाये ना? मंग कोन्या कोपऱ्यात हाये, कायले पाहाचं?"

स्नेहलने तिथेच वही उघडली. चूक सारखी असलेल्या सगळ्या अवस्थांचा एक गट. गटाबाहेर पडलं, तर खालच्याच गटात. परत वर येणं नाही. आणि गट मोजके. म्हणून जाळं अखेर एका गटात थांबणारच. अकरा ओळी झाल्या, 'म्हणून'सकट. फोटो नागपूरला मार्गदर्शकांकडे गेला.

तासाभराने उत्तर आलं : "बरोबर आहे. सोमवारी जमा करा. हे आधी का लिहिलं नाही?"

तिने सोडलेला श्वास बापालाही ऐकू गेला.

"झालं?"

"झालं, बाबा."

"मंग केवळरामले सांगून ये. त्याची बांधी नागपूरले जाऊन राहिली, अन् त्याले पत्ताच नाई."