मॉडेलचा रकाना

शाळेच्या ऑफिसातली नोकरी गेली त्या वर्षी मी ब्युटी पार्लरचा कोर्स लावला. शेहेचाळीस वर्षांची होते. दाखले, हजेरीपट, परीक्षेची बैठकव्यवस्था असं सगळं सतरा वर्षं मी सांभाळलं होतं. नव्या संस्थाचालकांनी संगणकावर काम करणारी दोन तरुण मुलं घेतली आणि मला पुष्पगुच्छ दिला. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून सावेडीतल्या आमच्या फ्लॅटची पुढची खोली रिकामीच होती. घरून करता येतील असे सात उद्योग मी कागदावर लिहिले आणि एकेक खोडत गेले. पार्लर उरलं.

खरं तर तेच सगळ्यात आधी खोडायला हवं होतं, कारण मला दाढी येते.

सतराव्या वर्षापासून येते. हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं, थोडी गळ्यावर. काळे, राठ केस. आईनं डॉक्टरांना दाखवलं, दोन वर्षं गोळ्या घेतल्या, वजन वाढलं, केस राहिले. मग एक दिवस आईनं बाथरूमचं दार आतून लावलं आणि रेझर कसं धरायचं ते दाखवलं. "हे कुणाला सांगायचं नाही. उद्या लग्न झालं तर नवऱ्यालाही नाही," एवढंच बोलली. मी ते पाळलं. घर जागं व्हायच्या आत, रोज. रेझर सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवायचं, कारण घरातला पुरुष तिथं हात घालत नाही. प्रवासाच्या यादीत त्याच्यापुढे 'औषध' असं लिहायचं. लग्नाकार्यात मुक्काम पडला तर भिंतीकडची जागा धरायची. नवऱ्यानं गालाला हात लावला की मी तो हात धरून खाली घ्यायचे. त्याला ते प्रेम वाटत असावं.

मग पार्लर कशाला, असं कुणीही विचारेल. माझा हिशेब सरळ होता. पार्लरवाली दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघते, तिच्याकडे कुणी बघत नाही. शिवाय एखादा कायमचा उपाय कानावर पडेल, कुणाला न विचारता.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, "बाहेरच्या बाईला हात लावायच्या आधी सहा आठवडे एकमेकींवर शिकायचं. आज जी करेल, ती उद्या बेडवर झोपेल." बेडवर झोपणारीला मॉडेल म्हणायचं. मी वहीत लिहून घेतलं आणि हनुवटी तळहातात झाकून बसले.

आम्ही नऊजणी होतो. आठ जणी विशी-तिशीच्या, त्यामुळे मी सगळ्यांची काकू. दुसऱ्या दिवशी कोण कुणावर करणार यावरून गोंधळ झाला तेव्हा मीच म्हणाले, "मॅडम, मी तक्ता करते. शाळेत असलीच कामं करायचे." मॅडमना बरं वाटलं. मी पट्टीनं रेघा मारून तीन रकाने केले: दिवस, काम करणारी, मॉडेल. नऊ हा आकडा विषम. रोज एक जण उरणार, ती उरणारी मी. साहित्य काढून देणं आणि नोंदी ठेवणं माझ्याकडे. पण मलाही हात बसवायला चेहरा हवाच होता. तेव्हा मॉडेलच्या रकान्यात एका बाईचं नाव दोनदा लिहायचं ठरवलं.

ती बाई काष्टीची होती. वय तीसच्या आतबाहेर, एक मुलगी. केडगावला मावशीकडे राहून कोर्स करत होती आणि शनिवारी बाजाराच्या एसटीनं घरी जायची. गावात रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची एक खोली होती, तिथं तिला पार्लर टाकायचं होतं. गालांवर मुरुमांचे जुने खड्डे होते. ती कशालाच नाही म्हणत नसे, म्हणून मी तिला निवडलं. त्या वेळी मी एवढंच कारण स्वतःला सांगितलं. कुणी गैरहजर असली की बदलीलाही तीच. "तू पडतेस का गं जरा?" मी विचारायचे. "पडते की ताई," म्हणत ती चप्पल काढायची.

तक्ता सुबक होता. मॅडमनी तो भिंतीला चिकटवला आणि पुन्हा कधी वाचला नाही.

चौथ्या आठवड्यात ते झालं. त्या दिवशी पहिल्या तासाला वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीनं काष्टीवालीचा वरचा ओठ आणि गालाच्या कडा दोऱ्यानं साफ केल्या होत्या. दुसऱ्या तासाला ब्लीच होतं आणि करणारी मी होते. दोऱ्यानंतर कातडी ताजी असते, त्यावर लगेच ब्लीच लावायचं नाही, हे मॅडमनी सांगितलं होतं आणि मी वहीत चौकट करून लिहिलं होतं. पण तक्ता मी कोर्सच्या दुसऱ्याच दिवशी केला होता, आणि तो करताना मला फक्त स्वतःचं नाव कुठं येत नाही ना, तेवढंच दिसत होतं. मॅडम बाहेर फोनवर होत्या. मी मिश्रण कालवलं, लावलं, घड्याळ बघितलं.

"ताई, आग हुतीया."

"थोडी होतेच. दहा मिनिटं ठेवायचं असतं."

"लई हुतीया वो."

"सहाच राहिली. डोळे मिटून घे."

तिनं मिटले. दोन्ही हातांनी बेडच्या कडा धरल्या. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले.

पुसलं तेव्हा ओठाच्या वर आणि गालांच्या कडेला कातडी लालभडक झाली होती. मॅडमनी बर्फ लावला, मलम दिलं, मला खोलीबाहेर नेऊन सुनावलं. पाच-सहा दिवसांनी लाली गेली आणि काळे डाग उठले. ओठावरचा डाग लांबून मिशीसारखा दिसायचा. ती ओढणी नाकापर्यंत ओढून यायला लागली.

मी तिची माफी मागितली. ती "असू द्या" म्हणाली. कुणीही म्हणतं तसं.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा मॅडमनी नियम सांगितला. बाहेरच्या परीक्षक येणार, प्रत्येकीनं आपली मॉडेल आणायची, आणि त्या मॉडेलच्या चेहऱ्याला महिनाभर पार्लरचा कसलाही हात लागलेला नसावा. मी लगेच शेजारणीला फोन केला. बाकीच्यांनी बहिणी, वहिन्या, मैत्रिणी ठरवल्या. काष्टीवालीला या शहरात मावशीखेरीज कुणी नव्हतं आणि मावशीनं भाचीचं तोंड बघून साफ नकार दिला होता.

"मग पुढच्या बॅचला दे परीक्षा," मॅडम म्हणाल्या. "सहा महिने जातील, दुसरं काय."

"सहा महिनं न्हाई सोडायचं घरी," ती म्हणाली. "आताच कुरकुर हाय. पोरीला टाकून आलीय मी."

"वर्गातली कुणी चालेल का?" सगळ्यात लहान मुलीनं विचारलं.

"चेहरा कोरा असला तर चालेल. पण तुम्ही सगळ्यांनी एकमेकींना सोलून ठेवलंय." मॅडम हसल्या. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे वळल्या आणि बराच वेळ तिथंच थांबल्या. "ताई, तुमचं नाव या रकान्यात नाहीच की. एकदाही?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "उद्या सांगते."

जिन्यात काष्टीवाली माझ्या पुढे उतरत होती. मागं न वळता ती बोलली.

"मला वाटलं, माझं तोंड आधीच खडबडीत, बिघडलं तरी काय बिघडायचं हाय, म्हणून तुमी सारखं मलाच लावता. मी मनात म्हनलं, बरोबरच हाय."

आपलं तोंड कुणाला दिसू नये म्हणून मी तिचं तोंड पुढे केलं होतं, आणि तिनं ते बरोबर धरलं होतं. मला पटकन काय करायचं ते ठरवता येतं अशी माझी ख्याती आहे. त्या जिन्यात मी खालच्या मजल्यावरच्या दुकानाचं शटर बंद होईपर्यंत उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं की मी तिची मॉडेल होते. का कधी झाले नाही, ते सांगितलं नाही. आपोआप दिसणार होतं. दोऱ्यात केस धरायचा तर तो वाढलेला हवा, म्हणजे परीक्षेपर्यंत, चौदा दिवस, ब्लेड बंद.

तिसऱ्या दिवशी हात फिरवला की खरखर लागायला लागली. पाचव्या दिवशी लांबूनही कळत होतं. घराबाहेर मास्क लावायचे, विचारलं तर धुळीचं नाव सांगायचे. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की म्हणायचे, कॅमेरा बिघडलाय. नवऱ्यापासून मात्र लपायला घरात जागा नव्हती. सहाव्या दिवशी जेवताना त्यानं बघितलं. घास हातात तसाच राहिला.

"हे काय गं?"

"येतात मला. पहिल्यापासून."

"डॉक्टरला दाखव की."

"दाखवलंय. लग्नाआधीच."

तो जेवला, ताट उचलून मोरीत ठेवून आला, जे तो कधी करत नाही. त्यानंतर माझ्याशी बोलताना तो माझ्या कपाळाकडे बघायचा. वाईट काही बोलला नाही. अजूनही तो कपाळाकडेच बघतो. मला वाटतं, त्याला केसांपेक्षा ती सगळी वर्षं जास्त लागली असतील. पण हे आम्ही बोललेलो नाही.

परीक्षेच्या दिवशी मी बेडवर आडवी झाले आणि मास्क काढला. सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हाला तर…" आणि थांबली. कुणीतरी दबकं हसलं.

"गप्प बसा गं," काष्टीवाली म्हणाली. मग मला, "मान मागं टाका, ताई. कातडी ताणून धरा."

हनुवटीवर दोरा लागतो तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं, ते अडवता येत नाही. दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत होतं, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं आणि मला बरं वाटत होतं. परीक्षक बाई वाकून बघून गेल्या. मग तिनं दोरा बदलायला तोंड मोकळं केलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "किती वर्सं?"

"तीस होतील."

"आन शिकलात आमच्या तोंडावर."

आवाजात राग नव्हता. मी नुसती मान हलवली आणि ती म्हणाली, "हलू नका."

ती पास झाली. जाताना म्हणाली, "आता ब्लेड लावू नका, दोराच करा." पण दोरा करायचा तर कुणासमोर तरी पुन्हा बसायला हवं. तसं धाडस दुसऱ्यांदा झालं नाही. ब्लेडही लावलं नाही. महिनाभर मास्क लावून फिरत राहिले.

प्रमाणपत्रं आली त्या दिवशी ती आली नाही. फोनही उचलेना. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही व्यवस्थित आहात, तुम्हीच पोचवा." शनिवारी मी एसटीनं काष्टीला गेले. गाडी बाजाराला चाललेल्या बायकांनी भरलेली होती.

पत्र्याच्या खोलीत एक आरसा होता, एक खुर्ची होती. रंगवून आणलेला बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. तिच्या ओठावरचा डाग फिकट झाला होता, पण होता. मला बघून ती आनंदली नाही, दचकलीही नाही. पाणी आणलं. पाठोपाठ तिची जाऊ आणि शेजारच्या दोघी-तिघी आल्या. मी प्रमाणपत्र दिलं, तिनं ते बघून आरशामागं ठेवलं.

"सुरू केलं नाहीस?" मी विचारलं.

उत्तर जावेनं दिलं. "कोण येतंय? हिचंच तोंड भाजल्यालं. बाया म्हंत्यात, सवताचं न्हाई नीट करता आलं, आमचं काय करील."

"ते तिनं केलं नाही," मी म्हणाले. "ते मी केलं."

जावेनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शहरी साडी, पर्स, मास्क. काष्टीवाली खाली बघत होती. मग तिनं दोऱ्याचं रीळ उचललं आणि खुर्ची उजेडाकडे ओढली.

"बसा, ताई," ती म्हणाली. "बघू द्या ह्यांना माझा हात."

तिनं मला विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. मी बसले. मास्क काढला. शेजारणीतली एक म्हणाली, "आगं बया, बाईला दाढी," आणि दारातून आणखी दोन डोकी आत आली. एक लहान पोर आईच्या पदराला धरून बघत होतं, त्याला कुणी बाहेर काढलं नाही. समोर आरसा होता. मी इतकी वर्षं त्या केसांसकट स्वतःला दुसऱ्या कुणाच्या देखत पाहिलं नव्हतं. आता सहा-सात जणींच्या चेहऱ्यांमध्ये माझा चेहरा होता. तो बघवत नव्हता आणि डोळे मिटले तर मान हलत होती, म्हणून बघत बसले.

तिचा हात सुरेख चालला होता. एका रेषेत, न थांबता. बाया हळूहळू बोलायच्या थांबल्या आणि दोऱ्याकडे बघायला लागल्या. अर्धी हनुवटी झाली तेव्हा जाऊ पुढे आली आणि माझ्या तोंडापाशी वाकली.

"लई दुखतंय का हो?"

"दुखतं," मी म्हणाले.

तिनं झालेल्या बाजूला एक बोट लावून बघितलं, मग न झालेल्या बाजूला. सगळं होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग काष्टीवालीला म्हणाली, "माझ्या नुसत्या भुवया कर. बाकी कशाला हात लावायचा न्हाई."

मी उठले आणि खुर्ची रिकामी करून दिली.