सहा डोकी

दहा डिसेंबर, रविवार. व्हॅनचं दिवसाचं भाडं तीन हजार चारशे पन्नास. म्हाताऱ्याने ते आपल्या पेन्शनमधून आदल्या दिवशीच देऊन टाकलं, म्हणजे मागून कोणी बोलायला नको.

म्हातारा जन्मभर बसचा कंडक्टर होता. निवृत्त झाला तरी सवय गेली नव्हती. घरातली माणसं कुठेही निघाली, की हा गाडीच्या दारात उभा राहून डोकी मोजणार, पत्र्यावर दोनदा थाप मारणार, मगच चाक हलणार. चेहरे तो बघत नसे. भरल्या गाडीत चेहरे बघत बसलं तर पुढचा स्टॉप येतो, असं तो म्हणायचा. घरच्यांच्याही ते अंगवळणी पडलं होतं. बाबांची थाप पडली की कोणी मागे वळून पाहत नसे.

ही सहल म्हणजे खरं तर एक पैज होती. बायकोच्या डोक्यातून गेली दोन वर्षं एकेक गोष्ट निसटत चालली होती. गॅस उघडा राही, नातीला ती शेजारची मुलगी समजे. मुलाने तिच्यासाठी वृद्धाश्रमात एक खाट धरून ठेवली होती आणि सोमवारी नक्की काय ते कळवायचं होतं. म्हातारा अडून बसला. एक दिवस मी एकटा तिला बाहेर सांभाळून दाखवतो, कोणी मदतीला यायचं नाही, आणि जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"आणि नाही जमलं तर?" जावयाने विचारलं.

"तर तुम्ही म्हणाल तसं."

जागाही त्यानेच निवडली. माळावर कोण्या काळी कोणीतरी उभ्या केलेल्या दगडांचं मोठं रिंगण होतं आणि पलीकडे छपरं उडालेल्या खोल्यांच्या पडक्या भिंती. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला इथेच आली होती. रिंगणातल्या एका उंच दगडाला बायकोने तेव्हा 'सासूबाई' नाव ठेवलं होतं आणि तो खोटं खोटं रुसला होता.

दुपारभर तो तिचा हात धरून रिंगणात फिरला. ती गप्पच. मुलगा मोबाईलमध्ये, सून नातीच्या मागे, मुलगी आणि जावई लांब उभे राहून कुजबुजत होते. उन्हं कलली तेव्हा बायको एका दगडापाशी थबकली. त्याच्यावर तळवा टेकवून हसली.

"अहो, सासूबाई अजून ताठ्यातच आहेत की."

म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. हाका मारमारून त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि तिच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. मुलीने डोळे पुसले. मुलगासुद्धा म्हणाला, सोमवारचं सोमवारी बघू.

वारा बोचू लागला. तिला एका पडक्या भिंतीच्या आडोशाला बसवून तो ड्रायव्हरला उठवायला गेला. परत येऊन बघतो तर ती तिथे नाही. त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. एवढं चांगलं झालंय, पोरांनीच नेलं असेल प्रेमाने. तो व्हॅनपाशी आला, दारात उभा राहिला. पुढे जावई, मध्ये मुलगा, सून, झोपलेली नात, मुलगी आणि मागच्या सीटवर शालीत गुरफटलेलं एक डोकं. सहा. त्याने दोनदा थाप मारली आणि सवयीने दारालगतच्या सीटवर बसला.

मोठ्या चौकात मागून आवाज आला. "इथेच सोडा मला. उपकार झाले तुमचे."

आवाज बायकोचा नव्हता. ती रिंगणाच्या फाटकातल्या तिकीटखिडकीवरची बाई होती. थंडीत कुठे चालत जाणार, म्हणून जावयाने तिला बसवून घेतलं होतं; बायकोला म्हाताराच चढवणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. बाई उतरली. मुलगी किंचाळायची तेवढी राहिली. व्हॅन वळली. परतीच्या वाटेवर कोणी कोणाला दोष दिला नाही, आणि म्हाताऱ्याला तेच सहन होईना.

माळावर अंधार पडला होता. बायको आतल्या पडक्या खोलीत गेली होती; टपरी बंद करून घरी निघालेला चहावाला तिला चहा-बिस्किटं देऊन तिच्याजवळ थांबला होता. पर्स मांडीवर घट्ट धरून ती बसली होती. म्हातारा पुढे झाला. तिने मान वर केली आणि परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"मास्तर, शेवटची गाडी गेली का हो?"



"नाही बाई," तो म्हणाला. "हीच शेवटची. चला."

एखाद्या वयस्कर पॅसेंजरला चढवावं तसं दंडाला धरून त्याने तिला व्हॅनमध्ये चढवलं आणि शेजारी बसला. ड्रायव्हर थापेची वाट बघत राहिला. थाप पडेना. शेवटी मुलगाच हळूच म्हणाला, चला.

बराच रस्ता मागे पडल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, आश्रमाचं ऑफिस सकाळी किती वाजता उघडतं?

"बाबा, आत्ता नको ना ते."

"मीच फोन करतो. माझ्या तोंडून गेलेलं बरं."

बायको खिडकीबाहेर बघत होती. मध्येच तिने पर्समधून एक नोट काढून त्याच्यापुढे धरली. त्याने नोट घेतली नाही, तर ती घाबरीघुबरी झाली, मग त्याने घेतली.

गुरुवारी तिला आश्रमात पोचवलं. गडबडीत त्या चहावाल्याचे पैसे राहून गेले. दोन चहा आणि बिस्किटांचा एक पुडा, एकूण तीस. ते अजून द्यायचे आहेत.